कामासाठी चीनला जाताय? तिथल्या गावोगावच्या जेवणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भोसरी-चाकणहून सुटे भाग पाहायला जाणारे, इचलकरंजीहून माग घ्यायला जाणारे, ग्वांगझोऊच्या कँटन फेअरला नेमाने हजेरी लावणारे, यिवूच्या बाजारातून कंटेनर भरून आणणारे, असे आपले बरेच लोक चीनला जातात. पर्यटक ज्या गावांचं नावही घेत नाहीत तिथे आपल्याला काम घेऊन जातं आणि त्या प्रत्येक गावाचं स्वतःचं असं जेवण असतं. ते न चाखता रोज संध्याकाळी इंडियन रेस्टॉरंट शोधत हिंडू नका, एवढंच माझं कळकळीचं सांगणं आहे. शाकाहारी असाल तरीसुद्धा.

आपण इथे खातो ते ‘चायनीज’ तिथे मिळतं का?

नाही. मंचुरियन मुंबईचं आहे. 1975 च्या सुमारास क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वाँग यांनी ते पहिल्यांदा केलं असं मानतात. हक्का नूडल्सचं मूळ कोलकात्याला स्थायिक झालेल्या हक्का लोकांकडे जातं. ग्वांगडोंगमधल्या मेझोऊ या हक्कांच्या मुलखात जाल तर मिठात भाजलेली कोंबडी आणि खिमा भरलेला टोफू समोर येईल, आपले हक्का नूडल्स नाहीत. लालभडक शेजवान चटणीही सिचुआनमध्ये सापडत नाही. आपलं चायनीज आपल्या जागी उत्तमच आहे, पण त्याच्याशी ताडून पाहत बसलात तर तिथलं जेवण नीट कळणार नाही.

चिनी जेवणाचे नेमके किती प्रकार?

चिनी लोक आठ मोठ्या परंपरा सांगतात: शानडोंग, सिचुआन, ग्वांगडोंग, जिआंगसू, झेजियांग, फुजियान, हुनान आणि आनहुई. ही यादी पाठ करायची गरज नाही. यून्नान, शिनजियांग, शान्शी ही जेवणासाठी नावाजलेली नावं तर तिच्यात नाहीतच. त्यापेक्षा एक ठोकताळा ध्यानात ठेवा. चिनलिंग डोंगर आणि ह्वाई नदी यांच्या उत्तरेला गहू, दक्षिणेला भात. सिचुआन, हुनान, ग्वेझोऊ तिखट. शांघायच्या आसपास गोडसर. ग्वांगडोंगला मसाला कमीत कमी, कारण तिथे ताज्या जिनसेची चव झाकणं हाच दोष समजतात.

कँटन फेअरला चाललोय. ग्वांगझोऊत काय खावं?

हे प्रदर्शन 1957 पासून वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात भरतं. आपली बहुतेक मंडळी हॉटेलातला ब्रेड-ऑम्लेट खाऊन बस पकडतात. ग्वांगझोऊचं खरं जेवण तर सकाळी असतं. पहाटेपासून चहाघरं उघडतात, पेन्शनर मंडळी वर्तमानपत्र घेऊन बसलेली असतात आणि बांबूच्या वाफाळत्या टोपल्या टेबलाटेबलावर येत असतात. पारदर्शक आवरणातली कोळंबीची मोदकासारखी पुडी म्हणजे हार गाव. डुकराच्या खिम्याची सिऊ माय. गोडसर भाजलेलं मांस भरलेला पांढरा पाव म्हणजे चार सिऊ बाओ. कोंबडीचे पायही येतात, आणि मांसाहारी असाल तर ते चाखल्याशिवाय उठू नका.

टेबलाच्या काही रीती आहेत. पहिल्या चहाने वाट्या, पेले, काड्या विसळतात आणि ते पाणी ठेवलेल्या भांड्यात ओततात. कुणी तुमच्या पेल्यात चहा ओतला की दोन बोटांनी टेबलावर हलकेच टकटक करायचं, तेच आभार. किटली रिकामी झाली की झाकण उघडं किंवा तिरकं ठेवा, वेटर येऊन पाणी भरून जातो.

शाकाहाऱ्यांनी तांदळाच्या पातळ पोळीची साधी गुंडाळी मागावी. तिला ‘झाय चाँग’ म्हणतात. आत काही नसतं, वरून सोया सॉस आणि तीळ. मुळ्याची खरपूस वडी दिसायला शाकाहारी असते, पण तिच्यात बहुधा सॉसेज आणि सुकट घातलेली असते. तिच्यापासून सांभाळा.

फेअरमधून एखादा दिवस मोकळा मिळाला तर?

फोशानमधल्या शुन्देला जा. घरगुती उपकरणांचे मोठे कारखाने आणि फर्निचरचा प्रचंड बाजार यांमुळे आपल्यापैकी अनेकांना तिथे जावंच लागतं. मात्र कॅटलॉग घेऊन निघून येणारेच जास्त. शुन्देला युनेस्कोने 2014 साली खाद्यसंस्कृतीचं शहर म्हणून मान दिला. ग्वांगडोंगच्या चांगल्या स्वयंपाकघरांत शुन्देचे आचारी असतात असं तिकडे अभिमानाने सांगतात.

आपल्याला तिथे आपलेपणा वाटेल तो दुधामुळे. चीनमध्ये दुधाचे पारंपरिक पदार्थ थोडे, पण या भागात म्हशीचं दूध वापरायची जुनी रीत आहे. ‘श्वांगपीनाय’ कसं करतात ते बघण्यासारखं आहे. गरम दूध वाटीत ओततात. साय धरली की तिला एका बाजूने फट पाडून खालचं दूध अलगद बाहेर काढतात, साय वाटीच्या तळाशी बसते. त्या दुधात अंड्याचा पांढरा बलक आणि साखर मिसळून ते पुन्हा सायीखाली सोडतात, साय वर तरंगते आणि मग वाटी वाफवतात. वर दुसरी साय धरते.

अंडं चालत नसेल तर ‘च्यांगच्वांगनाय’ मागा. हा पदार्थ जवळच्या पानयू भागातल्या शावानचा. वाटीच्या तळाशी ताज्या आल्याचा रस असतो, त्यावर उंचावरून गरम दूध एकदम ओततात आणि चमचा लावत नाहीत. आल्यातल्या विकरामुळे दूध काही मिनिटांत थरथरत घट्ट होतं. दूध उकळतं असेल तर ते विकर निकामी होतं आणि गार असेल तर दूध धरत नाही, म्हणून साधारण 70 अंशांवर ओततात. चव खरवसाच्या जवळची, वर आल्याचा झणका. माझ्या लेखी दक्षिण चीनमधला शाकाहाऱ्यांसाठीचा हा सर्वांत सुंदर पदार्थ.

चोंगचिंग आणि चेंगदूचं तिखट आपल्याला झेपेल का?

तिखट झेपेल, कोल्हापूरकरांना तर सहज झेपेल. नवीन असते ती बधिरता. सिचुआनी जेवणात मिरचीबरोबर ‘ह्वाज्याओ’ असतं आणि त्याने जीभ, ओठ झिणझिणतात. कोकणातल्या आणि गोव्यातल्या माणसाला हे ऐकून बरं वाटेल की ह्वाज्याओ आणि आपलं तिरफळ एकाच कुळातली. बांगड्याच्या आमटीत तिरफळ टाकताना आपण काळी बी काढून टरफल वापरतो, तिथेही तसंच करतात. फरक प्रमाणाचा आहे. आपण मोजकी फळं टाकतो, ते मूठभर टाकतात. म्हणून पहिल्या दिवशी ‘वेइ ला’, म्हणजे कमी तिखट, असं सांगा आणि मग चढत जा.

चोंगचिंगला मोटारसायकल आणि मोटार उद्योगामुळे आपले इंजिनीअर बरेच जातात. तिथले लोक सकाळी ‘श्याओम्येन’ खातात. मिरचीचं तेल, ह्वाज्याओ, लसणाचं पाणी, शेंगदाणे आणि वर गव्हाच्या शेवया. फुटपाथवर उंच प्लास्टिकच्या स्टुलाचं टेबल, बसायला बुटकं स्टूल. रात्री हॉटपॉट. इथे एक गोष्ट नीट वाचा: चोंगचिंगच्या लाल हॉटपॉटचा रस्सा परंपरेने गाईबैलाच्या चरबीत करतात. ती टाळायची असेल तर ‘छिंगयोऊ’, म्हणजे वनस्पती तेलाचं भांडं, आहे का ते आधी विचारा. चेंगदूत ते सहज मिळतं. दोन कप्प्यांचं भांडं मागवलं तर एका बाजूला तिखट आणि दुसऱ्या बाजूला साधा रस्सा येतो. साधा रस्साही बहुधा हाडांचाच असतो, तेव्हा शाकाहाऱ्यांनी टोमॅटोचा किंवा अळंब्यांचा मागावा आणि त्यात हाडांचं पाणी आहे का हेही विचारावं.

चेंगदू हे युनेस्कोने खाद्यसंस्कृतीसाठी निवडलेलं आशियातलं पहिलं शहर, 2010 साली. मापो टोफू इथलाच. त्याची सगळी मजा पिश्येनच्या आंबवलेल्या बाकल्याच्या आणि मिरचीच्या ठेच्यात आहे. मूळ पाककृतीत गोमांसाचा खिमा असतो. ‘पू फांग रोऊ’, म्हणजे मांस घालू नका, असं सांगितलं तर बरेच जण आनंदाने तसा करून देतात. हुनानचं तिखट मात्र बधिर करत नाही, सरळ झोंबतं. महाराष्ट्रातल्या माणसाला हुनानच्या राजधानीचं, चांगशाचं जेवण लवकर आवडतं असा माझा अनुभव आहे.

मी शुद्ध शाकाहारी आहे. उपाशी राहावं लागेल का?

नाही, पण ‘मला मांस नको’ एवढ्याने भागत नाही. ‘रोऊ’ म्हटलं की समोरच्याच्या डोक्यात डुकराचं मांस येतं, त्यामुळे कोळंबी, अंडं, हाडांचा रस्सा त्यात धरलाच जात नाही. भाजीवर ऑयस्टर सॉस, फरसबीत चिमूटभर खिमा, सगळ्यात चिकन पावडर, परतायला डुकराची चरबी, हे नेहमीचं. स्वयंपाक्याचा त्यात काही वाईट हेतू नसतो. भाजीला चव यावी म्हणून तो हे घालतो.

उपाय असा. कंपनीतल्या चिनी सहकाऱ्याकडून एक चिठ्ठी लिहून घ्या आणि फोनमध्ये तिचा फोटो ठेवा. ‘मी बौद्ध पद्धतीचा शाकाहार करतो’ असं लिहा, मग तत्काळ कळतं. त्याखाली ज्या ज्या गोष्टी नकोत त्यांची नावं: मांस, मासे, कोळंबी, अंडं, मांसाचा रस्सा, चिकन पावडर, ऑयस्टर सॉस, प्राण्यांची चरबी. तोंडी म्हणायचं तर ‘वो छ सू’.

आणि मग काय मागवायचं? ‘स्वानला तूदौस’ मागवा. बटाटा काडीसारखा बारीक चिरून, पाण्यात धुऊन त्याचं सत्त्व काढून टाकतात आणि सुकी मिरची व व्हिनेगर घालून कढईत घटकाभर परततात. बटाटा कच्चट-कुरकुरीत राहतो, आणि तो तसाच राहायला हवा. लसणीवर परतलेली नाळीची भाजी जवळजवळ सगळीकडे मिळते. ठेचलेली काकडी लसूण-व्हिनेगरमध्ये. ईशान्येकडची ‘तीसानश्येन’, म्हणजे वांगं, बटाटा आणि ढोबळी मिरची. वांग्याची ‘यूश्यांग’ भाजी खिमा वगळून. टोफूचे प्रकार तर मोजता येणार नाहीत: रेशमासारखा मऊ, दाबून घट्ट केलेला, सायीसारख्या पापुद्र्यांचा, गोठवून जाळीदार झालेला. अंडं खात असाल तर टोमॅटो-अंडं हा देशभर मिळणारा घरगुती पदार्थ तुम्हाला कुठेही तारून नेईल.

मोठ्या मठांजवळ शाकाहारी भोजनगृहं असतात. चेंगदूच्या वेन्शू मठातलं चांगलं आहे. शांघायच्या जेड बुद्ध मंदिरात शाकाहारी शेवयांची वाटी मिळते, आणि त्याच शहरातलं ‘गोंगदलिन’ 1922 पासून चालू आहे. तिथे हुबेहूब मासा किंवा बदक वाटावं असं काही समोर आलं तर दचकू नका, ते टोफूचं किंवा गव्हाच्या चिकाचं केलेलं असतं.

जैन पद्धतीचं जेवण मिळेल?

अर्धं काम मठाचं भोजनगृह करतं. चिनी बौद्ध शाकाहारात कांदा, लसूण आणि त्या जातीच्या पाती वर्ज्य असतात. कंदमुळं मात्र चालतात, त्यामुळे बटाटा, गाजर, मुळा, कमळकाकडी, आलं यांचं वेगळं सांगावं लागेल.

शांघाय, निंगबो, यिवू, शाओशिंग: इकडे काय?

इथे साखर, सोया सॉस आणि तांदळाची दारू यांवर स्वयंपाक उभा आहे. शांघायला श्याओलोंगबाओ खा. आत खिमा आणि गरम रस्सा असतो, म्हणून आधी कडेला छोटा घास घेऊन रस्सा प्यायचा, मग बाकीचं. घाईत तोंडात टाकलं तर टाळू भाजते. शरदात गेलात तर खेकड्यांचा हंगाम असतो. मालवणी माणसाला त्या खेकड्याचा आकार लहान वाटेल, पण खरी चव त्याच्या लाखेत आहे.

कापडाच्या कामासाठी शाओशिंगला जाणाऱ्यांना तिथला उग्र वासाचा तळलेला टोफू रस्त्यावरच भेटतो. वास सहन करून एक तुकडा खा, चव वासापेक्षा फार सौम्य आहे. निंगबोत तिळाचं सारण भरलेले तांदळाच्या पिठीचे गोळे मिळतात. सारणात परंपरेने डुकराची चरबी असते, शाकाहाऱ्यांनी विचारून घ्यावं. यिवूजवळच्या चिनह्वाचं हॅम प्रसिद्ध आहे आणि त्याचा काप साध्या दिसणाऱ्या भाजीच्या सुपातही असू शकतो. यिवूत भारतीय आणि अरबी खाणावळी भरपूर आहेत. दुपार तिथे काढा, पण एक संध्याकाळ तरी स्थानिक जेवणाला द्या.

डुकराचं आणि गाईचं, दोन्ही मांस टाळायचं आहे. काय करू?

‘छिंगचन’ असं लिहिलेली मुस्लिम खाणावळ शोधा. तिथे डुकराचं काहीच नसतं. गाईचं मांस असतं, ते ‘पू याओ न्यौरोऊ’ म्हणून नाकारा आणि मेंढीचं किंवा कोंबडीचं घ्या. शिनजियांगी खाणावळीत जिरं लावलेले मेंढीच्या मांसाचे कबाब, तंदुरातला नान आणि बटाटा घातलेली मोठ्या परातीतली कोंबडी मिळते. पहिल्या दौऱ्यावर आलेल्या माणसाला मी आधी तिथे नेतो.

शिआन, लानझोऊ, बीजिंग: उत्तरेत काय चुकवू नये?

शिआनचं ‘यांगरोऊ पाओमो’. तुमच्यापुढे घट्ट भाकरीसारखा पाव आणि रिकामा वाडगा ठेवतात. पाव स्वतःच्या हाताने, दाण्याएवढा बारीक कुस्करायचा, मग वाडगा आत जातो आणि मेंढीच्या रश्श्यासह परत येतो. कुस्करण्यात वेळ घालवा, रस्सा मुरतो तो त्यामुळेच. शाकाहाऱ्यांसाठी शिआनची ‘ल्यांगपी’: थंड, रुंद, लुसलुशीत पट्ट्या, काकडी, मिरचीचं तेल आणि व्हिनेगर. लानझोऊच्या हाताने ओढलेल्या शेवया जगभर गेल्या आहेत, पण त्यांचा रस्सा गोमांसाचा असतो. बीजिंगला बदक खाच. हिवाळ्यात गेलात तर तांब्याच्या भांड्यात उकळत्या पाण्यात बुडवून खायचं मेंढीचं मांस आणि तिळाची चटणी मला जास्त आवडते.

कारखान्याच्या कँटीनमध्ये जेवायला बोलावलं तर जावं का?

जरूर जावं. स्टीलच्या कप्प्यांच्या ताटात भात, दोन-तीन भाज्या, पातळ सूप. गावाचं रोजचं जेवण हेच असतं. बऱ्याच कारखान्यांत कामगार दूरदूरच्या प्रांतांतून आलेले असतात, म्हणून ग्वांगडोंगच्या कँटीनमध्येही हुनान-सिचुआनच्या तिखट भाज्या दिसतात. पुरवठादाराबरोबर तिथे बसून खाल्लं की पुढची बोलणीही मोकळी होतात. कँटीन दुपारी बारापूर्वीच सुरू होतं, आणि जेवणानंतर अनेक जण टेबलावर डोकं टेकून झोपतात. त्या वेळात मीटिंग लावू नका.

मेजवानीत दारूचा आग्रह फार होतो. कसं टाळायचं?

सुरुवातीलाच, पहिला पेला भरण्यापूर्वी सांगा. ‘यी छा ताई च्यौ’, म्हणजे दारूऐवजी चहाने, हे शब्द तिथे सगळ्यांना मान्य आहेत. अर्धा पेला घेऊन मग नकार दिलात तर आग्रह वाढतो. बायच्यौ ही तिथली धान्याची कडक दारू बहुधा 40 ते 60 टक्क्यांची असते, तिच्यातलीच नावाजलेली मावथाय 53 टक्के. घेणारच असाल तर आधी पोटात काही असू द्या. पेला भिडवताना वडीलधाऱ्या माणसाच्या पेल्यापेक्षा तुमचा पेला थोडा खाली धरा.

यजमान बसवतील तिथेच बसा. दाराकडे तोंड असलेली जागा मानाची असते. फिरत्या तबकातून थोडं थोडं घ्या, कारण पदार्थ येतच राहतात आणि भात किंवा शेवया शेवटी येतात. काड्या भातात उभ्या खोचू नका, मृतांसाठी उदबत्ती लावतात तसं ते दिसतं. उरलेलं बांधून मागायला संकोच नको. 2021 मध्ये अन्नाच्या नासाडीविरुद्ध कायदाच झाला आहे आणि ‘ता पाओ’ म्हटलं की डबे येतात.

एकटा असेन तर?

शेवयांची दुकानं, मातीच्या भांड्यातला भात, मॉलच्या तळघरातलं फूड कोर्ट. ‘मालाथांग’च्या दुकानात भाज्या, टोफू, अळंबी स्वतः निवडून टोपलीत घ्यायच्या, वजनावर पैसे, आणि ते उकळून देतात. रश्श्याचं मात्र विचारा. लहान शहरांत रात्री आठनंतर स्वयंपाकघरं आवरायला लागतात, तेव्हा ईमेल नंतर लिहा.

पैसे आणि मेनू?

अलिपे किंवा वीचॅट निघण्यापूर्वीच फोनवर घ्या, पासपोर्टची नोंद करा, व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा. मेनू बहुधा टेबलावरच्या क्यूआर कोडवर, चिनीत. भाषांतराचं ॲप आधीच उतरवून ठेवा. टिप द्यायची पद्धत नाही.

पोट बिघडेल का?

नळाचं पाणी पिऊ नका, गरम पाणी सगळीकडे मिळतं. गर्दी असलेल्या ठेल्यावर गरमागरम खायला हरकत नाही. ग्वांगडोंगमध्ये गोड्या पाण्यातला कच्चा मासा मोठ्या कौतुकाने वाढतात, तो मात्र नम्रपणे नाकारा. त्यातून यकृतात कृमी होण्याचा धोका खरा आहे.

घरून काय न्यावं?

चिवडा, खाकरा, शेंगदाण्याची चटणी, लोणचं. मांस, दूध-दुभतं, ताजी फळं-भाज्या आणि बियाणं चिनी कस्टम्सला चालत नाही, म्हणून तूप आणि पेढे घरीच ठेवा.

एकादशी किंवा चतुर्थी आली तर?

हिवाळ्यात रस्तोरस्ती पत्र्याच्या पिंपात भाजलेली रताळी मिळतात, गोड आणि मऊ. फळांची दुकानं कोपऱ्याकोपऱ्यावर आहेत. ग्वांगडोंगच्या मिठाईच्या दुकानांत नारळाच्या दुधातला साबुदाणा मिळतो, ‘शीमीलू’, बहुधा आंब्याच्या फोडी घालून. उकडलेले शेंगदाणेही असतात, पण ते पुष्कळदा सोया सॉस आणि चक्रफूल घालून शिजवलेले असतात. सोया सॉसमध्ये गहू असतो, म्हणून ते घेण्याआधी विचारा.